गाडी वडिलांची, सही सगळ्यांची

२२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या गाड्यांवरचा कर अधिभार धरून ४८-५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीच्या किमती काही लाखांनी उतरल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. या उतरलेल्या किमतींची झळ मात्र वेगळ्याच घरांना बसते आहे. वडील, नवरा किंवा सासरे गेल्यावर त्यांची महागडी गाडी ज्यांच्या दारात उभी आहे, ती ही घरं. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतो आणि दलाल हे कारण पहिल्याच वाक्यात पुढे करतो.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या. त्या गाड्यांच्या नोंदणीची १५ वर्षं २०२५ मध्ये भरली. त्यानंतर तपासणी करून, फी आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. एवढ्या वयाची गाडी वारसाहक्कानं आली असेल, तर आधी नूतनीकरण आणि मग विक्री, असंच मी सांगेन. मुदत संपलेल्या आरसीची गाडी भंगाराच्या भावात मागितली जाते.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. मागे राहिलेल्या गाडीचा भाव तिच्या चकाकीवर जेवढा ठरतो, त्याहून जास्त तो ती विकण्याचा अधिकार कोणाचा, हे किती स्वच्छ दाखवता येतं यावर ठरतो. गिऱ्हाईक पैसे कापतं ते बहुतेक वेळा कागदांपायी.

म्हणून आधी आरसीवरचं नाव पाहा. व्यावसायिकांच्या कितीतरी गाड्या कंपनीच्या नावावर असतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची गाडी संचालक गेला म्हणून वारसांची होत नाही. ती कंपनीनं ठराव करून विकायची असते आणि नफा झाला तर कंपनीला त्यावर जीएसटीही लागू शकतो. स्वतःच्या वापराची गाडी विकणाऱ्या सामान्य माणसाला तो लागत नाही.

गाडी व्यक्तीच्या नावावर असेल तर दोन मुदती महत्त्वाच्या. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला मृत्यूची आणि गाडी वापरणार असल्याची माहिती द्यायची आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नावबदलाचा अर्ज करायचा. गाडीची विमा पॉलिसीही साधारणपणे तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, जे आधी असेल तोवरच वारसांना संरक्षण देते. दिवसकार्य, बँका, पेन्शन यांत हे तीन महिने सहज निघून जातात. मग विम्याचा गोंधळ झालेली, महिनोन्‌महिने उभी राहून बॅटरी बसलेली गाडी बाजारात येते आणि तिच्याकडे ‘अडलेल्यांची गाडी’ म्हणूनच पाहिलं जातं.

याच वेळी कोणीतरी सुचवतं, ‘साहेबांच्या जुन्या सहीचे फॉर्म आहेत का? नसले तरी बघू.’ हा मार्ग अजिबात धरू नका. गेलेल्या माणसाची सही करणं म्हणजे बनावट दस्तऐवज करणं. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख कधीही ते उघडं पाडते.

आता वारस. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि गेलेल्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. यातली आई आणि लग्न झालेल्या मुली हमखास विसरल्या जातात. आरटीओत एकाच्या नावावर गाडी करायला बाकीच्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं लागतात. बहिणींच्या सह्या राखीपौर्णिमेच्या भेटीत गोडीगुलाबीनं घेतल्या जातात आणि त्या सहीचा अर्थ त्यांना कोणी सांगत नाही. नोंदीसाठी दिलेली संमती वेगळी आणि पैशांतला वाटा सोडणं वेगळं. प्रतिज्ञापत्राचा मजकूर वाचा. गाडी कोणाच्या नावावर होणार आणि विक्रीची रक्कम कशी वाटणार, या दोन्ही गोष्टी कागदावर घ्या. चाळीस लाखांची गाडी ही ‘भावाची सोय’ नसते, ती मालमत्ता असते. ऐन सौद्यात एका वारसानं हरकत घेतली की गिऱ्हाईक उठून जातं. सगळ्यांना त्यांचं देणं हे न्यायाचं आहेच, आणि चांगल्या भावाचा मार्गही तोच आहे.

वाद असेल तर न्यायालयातून वारस दाखला घ्यावा लागतो. आपल्याकडे तो आजही १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो. ‘सक्सेशन सर्टिफिकेट आणा’ असं कोणी सांगितलं तर लक्षात ठेवा, ते मुळात येणी आणि रोख्यांसाठी असतं. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो, त्यानं नावबदल सोपा होतो. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

नाव झालं की भावाचं पाहू. विमा पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, हा बाजारभाव नव्हे. पाचव्या वर्षी तिच्यात ठरलेल्या तक्त्यानं ५० टक्के घट धरलेली असते. कंपन्यांची स्वतःची जुन्या गाड्यांची दालनं बहुधा कमी वयाच्या गाड्याच घेतात, महागड्या जुन्या गाड्यांचे खास विक्रेते लवकर पैसे देतात, आणि थेट गिऱ्हाईक सर्वांत जास्त देतं पण वेळ घेतं. तिन्हीकडचे आकडे लेखी घ्या. अधिकृत सर्व्हिसची पूर्ण नोंद, दुसरी किल्ली, शिल्लक वॉरंटी, भरलेली ई-चलनं, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट एवढं समोर ठेवलं, की घासाघीस करायला दलालाकडे फार काही उरत नाही. आणि पहिल्या पंधरवड्यात भेटायला आलेल्यांपैकी कोणी सहानुभूतीनं आकडा सांगितला, तर तो फक्त ऐकून ठेवा.

पैसे बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. विक्रेत्याकडे गाडी सोपवताना तो अधिकृत आहे ना, हे तपासून फॉर्म २९-सी भरा. २०२३ पासून त्या नोंदीनंतर तो मानीव मालक ठरतो. थेट गिऱ्हाइकाला विकलीत तर नावबदल पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. गाडी विकून झाल्यावरही आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे.

शेवटी एक मागणी. गाडी वारसाच्या नावावर झाली की आरसीवरचा मालक क्रमांक एकनं वाढतो. पहिल्या मालकाची, घरातच वापरलेली गाडी ‘सेकंड ओनर’ होते आणि घेणारा थेट ‘थर्ड’. बाजार या एका आकड्यावर पैसे कापतो. कायदा पाळून, आधी नाव करून घेणाऱ्या कुटुंबालाच हा फटका बसतो, आणि खोट्या सहीचा मोह वाढतो तोही यातूनच. ‘वाहन’ प्रणालीत वारसाहक्कानं झालेली नोंद वेगळी दाखवावी. त्यासाठी कायदा बदलावा लागेल असं वाटत नाही, एक रकाना पुरेल. तोवर वारसांनी मृत्यूचा दाखला आणि जुनी आरसी गिऱ्हाइकापुढे ठेवावी, आणि मालक क्रमांक वाढला तो विक्रीमुळे नव्हे, हे ठणकावून सांगावं.