पत्ता कुणाचा, हक्क कुणाचा?

सोलापुरात घर शोधणे म्हणजे एका चौकातून दुसऱ्या चौकात जाणे. दत्त चौक, माणिक चौक, कन्ना चौक, अशोक चौक अशी नावे घेत रिक्षावाला पाहुण्याला जवळपास नेऊन सोडतो आणि उरलेली पन्नास पावले कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार चालवतो. आडनाव सांगितले, की ‘शाळेत होते ते, की यंत्रमागवाले?’ असा प्रतिप्रश्न येतो आणि त्याच्या उत्तरातच घर सापडते. भैया चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे घर विचारणाऱ्याला तर तेवढेही विचारले जात नाही. १९१० साली सोलापुरात जन्मलेल्या आणि १९४२ साली चीनमध्ये रुग्णसेवा करताना निधन पावलेल्या या डॉक्टरांचे घर आता स्मारक आहे. त्याचा पत्ता साऱ्या शहराचा आहे.

ज्यांचे घर स्मारक नाही, त्यांचा पत्ता मात्र त्यांचा स्वतःचा असतो. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या मनात येत नसे. दूरध्वनी खात्याच्या जाडजूड निर्देशिकेत नाव, घर आणि क्रमांक एका ओळीत छापलेले असत, आणि त्यात आपले नाव आहे याचा अभिमानच वाटे. चाळीत कोण कुठे राहते हे सर्वांना ठाऊक असे. विचारणारा कोण, हेही सर्वांना दिसत असे. सांगणाऱ्याची नजर हीच तेव्हाची राखण होती. आज पत्ता शोधणारा दारात उभा नसतो. तो दूर कुठे तरी संगणकापुढे बसलेला असतो, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून काही ठरवण्याची सोय राहिलेली नाही.

पत्ता शोधण्याची खरी गरज सोलापूरकरांना इतरांपेक्षा कमी नाही, उलट काकणभर अधिकच आहे. कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या तशी गिरणगावातील कुटुंबे पुणे, मुंबई, भिवंडी, सुरत अशी पांगली. १९९२च्या हद्दवाढीनंतर शहर विस्तारले; पेठांतली बिऱ्हाडे जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता अशी सरकत गेली. पूर्व भागातील विडी कामगार महिलांचे स्थलांतर तर याहून मोठे. अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या वसाहतीत दहा हजार घरे उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना मिळाली. त्याच परिसरात रे नगरच्या तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. भाड्याच्या एका खोलीतून स्वतःच्या घरात जाण्याचा हा आनंद खराच. पण त्याबरोबर जुन्या चाळीच्या पत्त्यावर येणारी पत्रे, लग्नपत्रिका आणि माणसे उंबऱ्यावरूनच परत फिरू लागली.

समजा, वीस वर्षांपूर्वी साखर पेठेतील एका चाळीत शेजारी राहिलेल्या बाईंनी कुणाच्या तरी आईच्या आजारपणात दागिना मोडून पैसे दिले होते. मुलगा आता परगावी नोकरीला आहे आणि ते पैसे त्याला परत करायचे आहेत. चाळ पाडली गेली आहे, बाईंचे नाव आणि आडनाव पूर्व भागात गल्लोगल्ली सापडेल असे. त्याने काय करावे?

पहिला मोह होतो तो सरकारी नोंदींचा. मतदार यादी सार्वजनिक असते. तीत नाव, नातेवाइकाचे नाव, वय आणि घर क्रमांक असतो. परंतु यादी मतदान केंद्रनिहाय असते, आणि माणूस मूळ केंद्र सोडून गेला, की शोध तेथेच खुंटतो. शिवाय ही यादी निवडणुकीच्या पारदर्शकतेसाठी खुली आहे, माणसांचा माग काढण्यासाठी नव्हे. मिळकत पत्रिका, सात-बारा, दस्तनोंदणीची सूची हेही संकेतस्थळांवर पाहता येते. पण त्यातून मालमत्ता कुणाची एवढेच कळते. मालक तेथे राहतोच असे नाही, आणि भाडेकरूचे नाव त्यात असतेच असे नाही. वाहनाच्या क्रमांकावरून सर्वसामान्यांना मालकाचा पत्ता दाखवला जात नाही. ‘आधार’मधील पत्ता खासगी व्यक्तीला मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, न्यायालयाच्या आदेशाने तो उघड करायचा तरी तो आदेश उच्च न्यायालयाचा लागतो.

माहितीच्या अधिकारात अर्ज करून कर्मचाऱ्याचा घरचा पत्ता मिळेल, असा समज अजूनही आढळतो. त्या कायद्याच्या कलम ८(१)(जे)खाली अशी वैयक्तिक माहिती पूर्वीही सहसा नाकारली जाई. विदासंरक्षणाच्या २०२३च्या कायद्याने त्या कलमात केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि नकाराचे क्षेत्र अधिक रुंदावले. पत्रकार आणि माहिती अधिकार कार्यकर्त्यांचा या दुरुस्तीला विरोध आहे. भ्रष्टाचार झाकण्यासाठी तिचा आडोसा घेतला जाईल ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. कलम ८(२)मधील व्यापक जनहिताची वाट मात्र शिल्लक आहे. अर्थात जुन्या शेजारणीचा पत्ता हा जनहिताचा विषय ठरत नाही, हे उघड आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३च्या कायद्याचा पाया तोच. या कायद्यातून वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी माहिती वापरणारी व्यक्ती वगळलेली आहे. म्हणजे शेजारणीला शोधणारा मुलगा त्याच्या कचाट्यात येत नाही. बँक, रुग्णालय, शाळा, कुरिअर कंपनी मात्र येतात. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. गंमत अशी, की हा कायदा डिजिटल माहितीपुरताच आहे. गृहनिर्माण संस्थेच्या फाटकापाशी दोरीने बांधलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज चाळता येणारी नोंदवही त्याच्या कक्षेबाहेरच राहते.

मग मार्ग कोणता? तो जुनाच आहे आणि मराठीत त्याला नेमका शब्दही आहे: निरोप. पत्ता मागण्याऐवजी निरोप पाठवावा. ज्याला पत्ता ठाऊक आहे त्याच्याकडे आपले पत्र किंवा आपला दूरध्वनी क्रमांक द्यावा आणि पुढचे पाऊल समोरच्यावर सोपवावे. युद्धात वा आपत्तीत दुरावलेल्या कुटुंबीयांचा शोध घेणारी रेडक्रॉसची यंत्रणा याच तत्त्वावर चालते. व्यक्ती सापडली तरी तिच्या संमतीखेरीज तिचा ठावठिकाणा शोधणाऱ्या नातेवाइकालाही सांगितला जात नाही. नेला जातो तो संदेश.

टपाल खात्यातही ही सोय आहे, पण तिची आठवण फार थोड्यांना असते. घर बदलणाऱ्याने आपल्या टपाल कार्यालयात नवा पत्ता लेखी कळवला, तर जुन्या पत्त्यावर येणारी पत्रे तिकडे वळवली जातात. पत्र पाठवणाऱ्याला नवा पत्ता कळत नाही, पत्र मात्र पोहोचते. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन क्रमांक सुरू झाला, तोही माणसाच्या दारापर्यंत जात नाही. त्याचे शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या कार्यालयापाशी थांबतात. पुढचे ज्ञान पोस्टमनचे. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने आणलेला दहा अक्षरांकांचा ‘डिजिपिन’ मात्र साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनापर्यंत नेमका पोहोचतो. एकसारख्या घरांच्या कुंभारीसारख्या वसाहतीत रुग्णवाहिकेला याचा फार उपयोग. तो केवळ स्थान सांगतो, तेथे कोण राहते हे सांगत नाही. तथापि तो नावासह सर्वांच्या हाती पडला, तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. २०२५ मध्ये नोंदणी टपालाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. अशा टपालाचा प्रवास पाठवणाऱ्याला संकेतस्थळावर पाहता येतो आणि ते कोणत्या कार्यालयातून वाटले गेले हेही दिसते. वळवलेल्या पत्राच्या बाबतीत माणूस कोणत्या भागात गेला, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. नाजूक प्रकरणात पाच रुपयांचे साधे पाकीट अधिक सभ्य ठरते.

पत्र परत आलेच, तर त्यावरचा शेरा वाचावा. ‘पत्ता न कळवता निघून गेले’ आणि ‘घेण्यास नकार’ यांत मोठे अंतर आहे. पहिल्या शेऱ्यानंतर शोध पुढे चालू ठेवता येतो. दुसऱ्यानंतर तो थांबायला हवा.

पूर्व भागात निरोप नेणारी आणखीही माणसे आहेत. विडी कारखान्याची शाखा, जेथे पाने-तंबाखू न्यायला बाया रोज येतात. कामगार संघटनेचे कार्यालय. पद्मशाली समाजाच्या संस्था. जुन्या शाळेतील मुख्याध्यापक. त्यांच्याकडे जाऊन ‘पत्ता द्या’ म्हणण्याऐवजी ‘ही चिठ्ठी त्यांना द्याल का?’ असे विचारले, तर सांगणाऱ्याचीही अडचण होत नाही. चिठ्ठीत आपण कोण, ओळख कुठली आणि काम काय एवढे स्पष्ट असावे. पैशांचा आकडा मात्र लिहू नये. चिठ्ठी चार हातांतून जाते, आणि दिलेले कर्ज घरात सर्वांना माहीत असतेच असे नाही.

ही सारी काळजी एका प्रामाणिक माणसासाठी कशाला, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर त्याच चाळीत आहे. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलांसह घर सोडलेली बाई, घरच्यांच्या मर्जीविरुद्ध आंतरजातीय विवाह केलेले जोडपे यांचा पत्ता विचारायला येणारा माणूसही गोडच बोलतो. तोही हातात मिठाईचा पुडा घेऊन येतो, ‘जुनी ओळख आहे, सहज भेटायचे होते’ असेच म्हणतो. दुकानदाराला या दोघांतला फरक ओळखता येत नाही. आंतरजातीय जोडप्यांवरील हल्ल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सुरक्षित निवासाच्या व्यवस्थेचे निर्देश दिले. अशा निवासाचा सारा अर्थ त्याचा पत्ता न फुटण्यात आहे. स्पष्ट नकारानंतरही स्त्रीचा पाठलाग करणे, तिच्याशी वारंवार संपर्क साधणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निरोपाची पद्धत वापरली, तर सद्हेतूच्या माणसाचे काम दोन दिवस उशिरा का होईना होते आणि दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही. एखादा माणूस चिठ्ठी ठेवायला तयार नसेल आणि ‘मला घरच दाखवा’ असा आग्रह धरत असेल, तर दुकानदारालाही पुष्कळसे कळून चुकते.

कायदेशीर निकड असेल, वारसाची नोटीस बजावायची असेल किंवा दावा दाखल करायचा असेल, तर मार्ग निराळा. पत्ता सापडत नसल्याची खात्री पटल्यास दिवाणी न्यायालय संहितेच्या आदेश ५, नियम २० नुसार वर्तमानपत्रातून समन्स प्रसिद्ध करण्याची परवानगी देऊ शकते. कुणी बेपत्ता असेल, तर पोलिसांत नोंद करावी. सापडलेली व्यक्ती सज्ञान असेल आणि तिला परत जायचे नसेल, तर तिला घरी जाण्याची सक्ती करता येत नाही. ती सुखरूप आहे एवढ्यावरच कुटुंबाला कित्येकदा समाधान मानावे लागते. आई-वडिलांना हे जड जाते, यात शंका नाही.

समाजमाध्यमांवर छायाचित्रासह ‘यांना कुणी ओळखता का?’ असे टाकणे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत घातक. उत्तरे देणारे भले असतात. वाचणारे सगळेच तसे नसतात, आणि एकदा लिहिला गेलेला पत्ता कितीही वेळा पुसला तरी कुणाच्या तरी भ्रमणध्वनीत उरतोच.

साखर पेठेतल्या त्या मुलाने दोन चिठ्ठ्या ठेवाव्यात: एक विडी कारखान्याच्या शाखेत, एक जुन्या किराणा दुकानात. उत्तर आले नाही, तर काही महिन्यांनी आणखी एकदा आठवण द्यावी, तिसऱ्यांदा नको. दरम्यान संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला पांगलेली माणसे गावी परततात आणि होम मैदानावरच्या गड्ड्यात भेटू म्हणून निरोप धाडला, तर घर कुणाचेच दाखवावे लागत नाही.