डॉक्टरची कमाई आणि टोमॅटोचा भाव

नारायणगावात माझा दवाखाना आहे. डॉक्टर म्हणजे बक्कळ पैसा, असं लोक धरून चालतात. पण आमच्याकडे डॉक्टरची कमाई पदवीइतकीच पेशंटच्या पिकावर ठरते. जुलै 2023 मध्ये इथल्या बाजारात टोमॅटोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं आणि माझ्या वहीतली जुनी उधारी न मागता वसूल झाली. पुढे भाव कोसळले, तशी तीच माणसं म्हणू लागली, “डॉक्टरसाहेब, पुढच्या तोड्याला देतो.” त्यांना परत पाठवता येत नाही. पण दवाखान्याचं भाडं, सिस्टरचा पगार, सोनोग्राफी मशीनसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता बाजारभाव पाहून थांबत नाहीत. गल्ल्यात पडतं ते सगळं डॉक्टरचं नसतं.

तरी मी हायवेवर आहे, बागायती भागात आहे. पश्चिमेला आपटाळे, तळेघरच्या बाजूला निघालात की टोमॅटो संपतो. पावसाळी भात, आणि उन्हाळ्यात बाळहिरडा वाळवून विकला की चार पैसे. तिथे खासगी प्रॅक्टिस बसणार कशी? तिथे सरकारी डॉक्टरच हवा.

आता त्यांचे पगार पाहा. आरोग्य केंद्रातल्या कायम एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे 56,100 रुपयांपासून सुरू होतं. वर महागाई भत्ता, घरभाडं आणि खासगी प्रॅक्टिस करायची नाही म्हणून व्यवसायरोध भत्ता. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी बहुतेक बीएएमएस. त्यांना ठरलेले 25,000, आणि कामाचे निकष पुरे झाले तर आणखी 15,000 पर्यंत. आदिवासी पाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकातल्या मानसेवी डॉक्टरांचं मानधन 24,000 होतं, ते 2021 च्या निर्णयाने 40,000 झालं.

म्हणजे भर पावसात डोंगर चढून कुपोषित पोराचं वजन घेणारा, बाळंतिणीला तपासणारा डॉक्टर आरोग्य केंद्रातल्या कायम अधिकाऱ्यापेक्षा कमी पैशांवर, आणि तोही कायम नाही. हे मला पटत नाही. पेशंटच्या खिशात फी नाही, तिथे सरकारने शहरापेक्षा जास्त पगार द्यावा आणि वेळेवर द्यावा. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागातल्या ग्रामसभांनी येत्या सभेत तसा ठराव करून जिल्हा परिषदेला पाठवावा.