चार रेघांवरचे आकडे

चार आडव्या रेघा आणि त्यांवर विखुरलेले आकडे: ०, ३, ५, ७. ना सा, ना रे, ना पाश्चात्त्य नोटेशनमधली काळी टिंबं. बेस गिटार शिकणारी जगभरातली पोरं या एवढ्याच्या जोरावर अख्खी गाणी वाजवतात. कोणता स्वर वाजवतोस, असं विचारलं तर त्यांतले कितीतरी जण गप्प बसतील. स्वर मात्र बरोबर लागलेला असतो!

टॅब्लेचर, वादकांच्या तोंडी नुसता टॅब, स्वराचं नाव सांगतच नाही. तो बोटाची जागा सांगतो. एक रेघ म्हणजे एक तार, आकडा म्हणजे फ्रेट, म्हणजे वाद्याच्या मानेवरची आडवी पट्टी, शून्य म्हणजे तार खुली. सर्वांत जाड तार कागदावर तळाला असते. वाद्य गळ्यात अडकवलं की तीच वर येते, म्हणून सुरुवातीला डोकं गरगरतं. वाद्य मांडीवर आडवं ठेवून वरून बघा, जाड तार तुमच्या बाजूला येईल आणि कागद नि तारा जुळतील.

जाड तार खुली छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. तिच्याच पाचव्या फ्रेटवर ५५, आणि शेजारची तार खुली वाजवली तरी तीच ५५. नोटेशनमध्ये दोन्हींसाठी एकच टिंब; टॅबमध्ये एकीकडे ५, दुसरीकडे ०. फरक कानाला कळतो: जाड तारेवरचा स्वर भरदार, दबका, तर खुल्या तारेचा मोकळा. हातालाही कळतो. ३४ इंची तारेवर पहिला फ्रेट जवळजवळ पाच सेंटिमीटरवर असतो, तर बाराव्यापाशी दोन फ्रेटांमधलं अंतर अडीचवर येतं.

ही युक्ती आजकालची नव्हे. व्हेनिसमध्ये १५०७ साली ल्यूट या तंतुवाद्याचं टॅब्लेचर छापून निघालं. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो स्वतः ल्यूटवादक. कंठसंगीत ल्यूटच्या टॅब्लेचरमध्ये कसं उतरवावं, यावर त्यांनी १५६८ मध्ये ‘फ्रोनिमो’ हा ग्रंथ काढला. त्या इटालियन छपाईत जाड तारेची रेघ वर असे, आजच्या नेमकी उलट.

पण त्या छपाईत आकड्यांच्या डोक्यावर कालमानाच्या खुणा असत. आजच्या साध्या, टाइप केलेल्या टॅबमध्ये त्या बहुधा नसतात. बोट कुठे ते कळतं, कधी आणि किती वेळ ते नाही. कारण उघड आहे: तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हतं, आज गाणं खिशात असतं. म्हणून आधी बेसची ओळ गुणगुणता येईपर्यंत ऐकायची, मगच आकड्यांना हात घालायचा.

ऐकण्यातही एक गंमत आहे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ४१ कंपनांचा स्वर जवळपास झेपतच नाही. त्यातून निघतात ते त्याचे वरचे, ४१ च्या पटींतले उपस्वर; त्यांवरून मूळ स्वर मेंदू स्वतःच रचतो. टॅब घेऊन बसताना हेडफोन लावा, म्हणजे खरा स्वरही कानावर येईल.