नाव होतं तेव्हा नेमकं काय होतं?

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तहानलेल्या नर माकडांपुढे एक सौदा ठेवला होता. माकडं ऱ्हीसस जातीची. एका बाजूला नजर टाकली की फळाचा रस जरा जास्त मिळायचा. दुसऱ्या बाजूला बघितलं की रस कमी, पण पडद्यावर ओळखीतल्या एखाद्या माकडाचा चेहरा दिसायचा. चेहरा टोळीतल्या वजनदार नराचा असेल, तर माकडं खुशाल रसावर पाणी सोडत. तळाच्या नराचा असेल, तर मात्र उलटा हिशेब. तो बघावा म्हणून त्यांना जादा रसाची लाच द्यावी लागे. रॉबर्ट डीनर, अमित खेरा आणि मायकेल प्लॅट यांनी २००५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. (माद्यांच्या पार्श्वभागाच्या फोटोंसाठीही माकडं रस सोडायला तयार होती, पण पुरवणी घरात सगळेच वाचतात, तेव्हा ते इथेच सोडू.)

लग्नाच्या हॉलमध्ये मालिकेतला नट शिरला की नवरानवरीला स्टेजवर सोडून सगळ्या माना तिकडे वळतात, त्यामागची ओढ इतकी जुनी आहे. मोठ्यांवर नजर ठेवणं टोळीत फायद्याचं असतं. माणसाने मात्र त्यात एक भर घातली. जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट यांनी २००१ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसांत वर चढण्याच्या वाटा दोन. एक धाकाची, ती इतर प्राण्यांतही आहे. दुसरी मानाची. ज्याला उत्तम शिकार जमते, औषधी झाडपाला कळतो, त्याच्याभोवती लोक आपणहून जमतात, त्याचं ऐकतात, त्याची कामं करतात. त्या बदल्यात जवळ राहून शिकायला मिळतं. मान म्हणजे एका परीने शिकवणीची फी. आणि कोणाकडे शिकावं हे ठरवायला सोपी खूण म्हणजे इतर लोक कोणाभोवती जमलेत ते बघणं.

या खुणेत एक खोट आहे. गर्दी कशासाठी जमली, ते मेंदू फारसं तपासत नाही. म्हणून फलंदाजी उत्तम करणाऱ्या माणसाने सांगितलं की आपण सिमेंटसुद्धा त्याच कंपनीचं घेतो.

मान हवासा वाटणं यात गैर काहीच नाही. चार लोकांत नाव व्हावं, गावाने दखल घ्यावी, ही इच्छा नसलेला माणूस दाखवा. सध्या फरक पडलाय तो मापाचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत लॉरेन शर्मन आणि सहकाऱ्यांनी १३ ते १८ वयाच्या ३२ मुलामुलींना एमआरआय यंत्रात झोपवून इन्स्टाग्रामसारखा दिसणारा पडदा दाखवला. त्यात त्यांचे स्वतःचेही फोटो होते. फोटोखालचे लाइक संशोधकांनीच ठरवून टाकलेले, मुलांना वाटलं ते बरोबरीच्या मुलांनी दिलेत. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की बक्षिसाशी निगडित असलेला मेंदूतला भाग जास्त सक्रिय होत होता. २०१६ सालचा हा अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: दुसऱ्यांच्या फोटोंपैकी ज्यांना आधीच पुष्कळ लाइक होते, त्यांनाच मुलांनी जास्त लाइक दिले.

इथून प्रश्न येतो की प्रसिद्धी मिळते कोणाला. गुणी माणसाला, असं आपण धरून चालतो. निदान पोरांना तरी तसंच सांगतो. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी हे तपासायची एक भन्नाट युक्ती काढली. इतिहास पुन्हा घडवून बघता येत नाही ही समाजशास्त्राची कायमची अडचण. यांनी आठ इतिहास एकदम घडवले. अनोळखी बँडची ४८ गाणी एका वेबसाइटवर ठेवली आणि आलेल्या १४ हजारांहून अधिक लोकांना वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलं. एका गटाला फक्त गाण्यांची नावं दिसत. त्यांनी ऐकावं, आवडलं तर डाउनलोड करावं. बाकीच्यांना आठ स्वतंत्र ‘जगां’त टाकलं. तिथे प्रत्येक गाण्यापुढे, आपल्या जगातल्या किती जणांनी ते आधी उतरवून घेतलंय, तो आकडा दिसायचा. आठही जगं शून्यापासून सुरू झाली. गाणी तीच, श्रोते तशाच प्रकारचे.

आकडा दिसू लागताच दोन गोष्टी झाल्या. गाजलेली गाणी आणखी गाजली, पडलेली आणखी पडली. आणि कोणतं गाणं गाजेल हे जगागणिक बदललं. ५२मेट्रो नावाच्या बँडचं ‘लॉकडाउन’ हे गाणं घ्या (कोविडशी संबंध नाही, प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झालेला). आकडे न दिसणाऱ्या गटाच्या पसंतीत ते २६ व्या क्रमांकावर होतं, म्हणजे बेताचं. एका जगात ते पहिलं आलं. दुसऱ्या एका जगात ४० वं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी टाकाऊ गाणी सहसा वर आली नाहीत, एवढीच काय ती गुणांची कदर. मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या काही श्रोत्यांच्या लहरीवर ठरलं. आता ‘लॉकडाउन’ पहिलं आलेल्या त्या जगात राहणारा कोणी संगीतसमीक्षक असता, तर त्याने ते गाणं का गाजलं याची दहा कारणं आत्मविश्वासाने लिहिली असती. आणि ती वाचायला पटलीही असती.

प्रसिद्धी पुढे गेली की तिची मुख्य अडचण सुरू होते: ती एकतर्फी ओळख आहे. माणसाच्या इतिहासातला फार मोठा काळ असा गेला की जो मला ओळखतो त्याला मीही ओळखतो. रेडिओ, सिनेमा, टीव्हीने हे गणित मोडलं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ सालीच हे नेमकं टिपलं होतं. टीव्हीवरचा सूत्रसंचालक थेट आपल्याशी बोलतो, आपल्याकडे बघून हसतो, रोज ठरल्या वेळी येतो. मेंदू त्याची नोंद ओळखीच्या माणसांत करून टाकतो. प्रेक्षक भोळा असतो म्हणून हे होतं असं नाही. ओळखीचा चेहरा आणि पडद्यावरचा चेहरा असे दोन वेगळे खण आपल्या डोक्यात नाहीतच.

निळू फुले हे मराठीतलं याचं ठळक उदाहरण. राष्ट्र सेवा दलात घडलेला, सामाजिक कामाला पदरचा वेळ देणारा, बोलायला अतिशय सौम्य माणूस. पण पडद्यावरचा सरपंच, साखर कारखान्याचा चेअरमन त्यांनी असा उभा केला की खेडोपाडी बायका त्यांना बघून पदर सावरत, तोंडावर शिव्या देत. नट म्हणून ती पावती होती, असं आपण कौतुकाने म्हणतो. पण ती रोज झेलायची कशी, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून जातो.

प्रेमाचाही तोच प्रकार. सचिन तेंडुलकरने स्वतः सांगितलेला किस्सा आहे. पुढे पत्नी झालेली अंजली आणि मित्रांबरोबर मुंबईत ‘रोजा’ बघायचा म्हणून तो खोटी दाढी आणि चष्मा लावून थिएटरात गेला. मध्यंतरात चष्मा पडला. लोकांनी ओळखलं, गलका झाला आणि सिनेमा अर्धवट सोडून निघावं लागलं. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. थिएटरातल्या प्रत्येकाला आपला सचिन दिसला होता. त्याला दिसली असेल ती अंगावर येणारी अनोळखी गर्दी.

आतून हे कसं वाटतं, याचा पद्धतशीर अभ्यास फार कमी आहे, कारण उघड आहे: प्रसिद्ध लोक प्रश्नावली भरायला बसत नाहीत. डोना रॉकवेल आणि डेव्हिड जाइल्स यांनी १५ नामवंत अमेरिकनांना नाव गुप्त ठेवायच्या अटीवर बोलतं केलं आणि २००९ साली ते प्रसिद्ध केलं. सुरुवातीला सगळे हुरळून जातात. मग चटक लागते. सगळी व्यसनं करून बसलेल्या एकाने सांगितलं, की प्रसिद्धीइतकं सोडायला अवघड दुसरं काही नाही. पुढे खासगीपण जातं, आपण माणूस नसून पिंजऱ्यातलं जनावर किंवा दुकानाच्या काचेतलं खेळणं आहोत असं वाटू लागतं. नव्याने भेटणाऱ्या प्रत्येकाबद्दल संशय येतो: हा माझ्यासाठी आलाय की माझ्या नावासाठी? मग माणूस स्वतःचे दोन भाग करतो. एक लोकांना देऊन टाकायचा, दुसरा घरात जपायचा. पंधरा हा आकडा छोटा आहे आणि ते सगळे एकाच देशातले. तरी हे टप्पे वाचताना आपल्याकडच्या कितीतरी नटनट्यांच्या मुलाखती आठवतात.

मार्क शॅलर या मानसशास्त्रज्ञाने दुसरी वाट धरली. सतत लोकांच्या नजरेत असलेला माणूस सतत स्वतःकडेही बघू लागतो, असं त्याचं म्हणणं होतं. रॉकगायक कर्ट कोबेन, गीतकार कोल पोर्टर आणि कथाकार जॉन चीव्हर यांचं लेखन घेऊन त्याने ‘मी’, ‘मला’, ‘माझं’ हे शब्द चक्क मोजले. प्रसिद्धी आल्यानंतर त्यांचं प्रमाण वाढलेलं निघालं. १९९७ सालचा हा अभ्यास तीनच माणसांचा. वय वाढलं, विषय बदलले, तरी असं होऊ शकतं. पण स्वतःवर सतत रोखलेली नजर मनाला मानवत नाही, हे इतर प्रयोगांतूनही दिसलेलं आहे. त्या नजरेपासून सुटका म्हणून दारू जवळ केली जाते, हा शॅलरच्या मांडणीतला पुढचा दुवा.

लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाच्या मार्क बेलिस यांच्या गटाने थेट मृत्यूच्या नोंदी काढल्या. रॉक आणि पॉपमधले १,०६४ कलावंत, सगळे १९५६ ते १९९९ या काळात नावारूपाला आलेले. प्रसिद्धीनंतरच्या ३ ते २५ वर्षांत त्यांचं मृत्यूचं प्रमाण तशाच वयाच्या सामान्य लोकांच्या १.७ पट होतं. रॉकच्या धंद्यात मुळातच बेफिकीर माणसं शिरतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्याच गटाचा २०१२ सालचा पुढचा अभ्यास बघायला हवा. त्यात बँडमधल्या कलावंतांपेक्षा एकट्याने गाणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. धंदा तोच, पैसा तोच, रात्री तशाच. फरक एवढाच की बँडमधल्याला, आपल्यावर काय गुदरतंय हे न सांगता कळणारे तीन-चार जण शेजारी असतात. बेलिस यांनाही हा आधार महत्त्वाचा असावा असं वाटतं, आणि मला तो तर्क पटतो.

हे सगळं किती दिवस टिकतं? प्रसिद्धी चार दिवसांची, असं म्हणायची रीत आहे, पण आर्नाउट व्हान दे राइट आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली इंग्रजी वृत्तपत्रांतली नावं चाळली, तेव्हा वेगळंच दिसलं. वर्षभरात शंभराहून जास्त वेळा छापून आलेल्या नावांपैकी ९६ टक्के नावं निदान तीन वर्षं आधीपासून बातम्यांत होती. क्षणभंगुर असते ती तळाची प्रसिद्धी. एकदा वरच्या मजल्यावर पोचलेलं नाव सहजासहजी उतरत नाही.

नाव उतरत नाही, पैसा मात्र उतरतो. दादर-परळच्या गिरणगावात वाढलेले भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. १९५१ च्या ‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक तेच, संगीत सी. रामचंद्र यांचं. सिनेमा तुफान चालला. जुहूला बंगला आला, मोटारींचा ताफा आला. पुढचे चित्रपट पडले, बंगला गेला, मोटारी गेल्या, दादा दादरच्या चाळीत परत आले आणि मिळतील त्या छोट्या भूमिका करत राहिले. २००२ साली तिथेच गेले. मात्र चेहरा कायम होता. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या चाळीपाशी थांबत, आणि दादांनी खाली येऊन आपल्या त्या दोन झोकदार स्टेप कराव्यात असा आग्रह होई, असं सांगतात. खिसा रिकामा असलेल्या माणसाला रस्त्यात सगळे ओळखतात, तेव्हा त्याला बसच्या रांगेतही मुकाट उभं राहता येत नाही. अर्थशास्त्राच्या कुठल्या कोष्टकात हे बसत नाही.

रॉकवेल आणि जाइल्स यांच्या त्या पंधरा जणांकडे शेवटचं एकदा वळू. इतका त्रास सांगूनही, प्रसिद्धी सोडून द्यायची कोणाची फारशी तयारी नव्हती. हेच आपण मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली, शेताच्या बांधावर आणि जनावरांच्या गोठ्यात व्हिडिओ करणारी कितीतरी मुलंमुली तोवर लाखोंच्या ओळखीची झाली होती. त्यांच्याकडे ना सेक्रेटरी, ना मॅनेजर, ना प्रसिद्धीची सवय असलेलं कोणी शेजारी. एका आदेशासरशी ते लाखो प्रेक्षक गेले. प्रेक्षक नाहीत म्हणजे कमेंटमधल्या शिव्या नाहीत, फोन नाहीत, दारात सेल्फी मागायला येणारे नाहीत. सुटकेची याहून आयती संधी मिळणं कठीण. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तिथे खातं उघडून शून्य फॉलोअर्सपासून पुन्हा सुरुवात केली.