मुक्त व्यापाराचे करार आणि पर्यावरणवाद्यांचा आक्षेप: गैरसमज व वस्तुस्थिती

अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्यातील ‘नाफ्टा’ करार १ जानेवारी १९९४ रोजी अंमलात आला आणि पुढे त्याच साच्याचा करार मध्य अमेरिकेतील देशांशी करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा पर्यावरणवाद्यांनी त्यास जो विरोध केला त्याविषयी उभयपक्षी इतके गैरसमज रूढ आहेत की मूळ आक्षेप कोणता होता, हेच दृष्टीआड झाले आहे.

ही मंडळी व्यापाराचीच वैरी होत, हा त्यांतील सर्वांत प्रचलित समज. वस्तुतः १९९३ साली अमेरिकेतील पर्यावरणवाद्यांत उघड फूट पडली होती. नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनसारख्या संस्थांनी नाफ्टाची पाठराखण केली, तर सिएरा क्लब व फ्रेंड्स ऑफ द अर्थ विरोधात उभ्या राहिल्या. त्या वेळी वाद मुख्यतः सरहद्दीवरील कारखान्यांचा होता. यच्चयावत् घाणेरडे उद्योग मेक्सिकोत स्थलांतर करतील, हे विरोधकांचे भाकीत मात्र खरे ठरले नाही, कारण प्रदूषण आवरण्याचा खर्च हा बहुतेक उद्योगांच्या एकंदर खर्चाचा अल्पांशच असतो. अर्थात अपवाद होते. अमेरिकेतील नियम कडक झाल्यावर शिशाच्या जुन्या बॅटऱ्या मोठ्या प्रमाणावर मेक्सिकोकडे जाऊ लागल्या.

खरा आक्षेप आकारास आला तो कराराच्या अकराव्या प्रकरणामुळे, आणि तोही प्रत्यक्ष दावे दाखल होऊ लागल्यावर. या प्रकरणान्वये परदेशी गुंतवणूकदारास यजमान देशाच्या न्यायालयाची पायरी न चढता तेथील सरकारविरुद्ध थेट तीन लवादांच्या मंडळापुढे फिर्याद गुदरता येत असे. मेक्सिकोतील सान लुइस पोतोसी प्रांतात मेटलक्लॅड नामक अमेरिकी कंपनीने विषारी कचऱ्याच्या भरावाचे काम केंद्र सरकारच्या परवान्यावर हाती घेतले. ग्वादालकाझारच्या नगरपालिकेने बांधकामाचा परवाना नाकारला. आणि प्रांताच्या राज्यपालाने तर, दुर्मिळ निवडुंगांच्या रक्षणार्थ, तो सारा टापू १९९७ साली संरक्षित म्हणून जाहीर केला. लवादांनी २००० साली निवाडा दिला की ही एक प्रकारची मालमत्ता-जप्तीच होय, आणि मेक्सिकोने सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर भरावेत. कॅनडातील न्यायालयाने पुढे या निवाड्याचा काही भाग रद्द केला, तरी निवडुंगांच्या हुकुमाच्या आधारे बहुतांश भरपाई कायम राहिली. जिच्या निर्णयावरून हे रामायण घडले त्या नगरपालिकेस या दाव्यात पक्षकार म्हणून स्थान नव्हते, ही गोष्ट मला रकमेहून अधिक उद्बोधक वाटते.

यावरून असे लवाद कायदेच रद्द करतात, असा समज विरोधकांनीही पसरविला, तो चुकीचा आहे. त्यांना पैशाची भरपाई ठरविण्याचा अधिकार होता, कायदा पुसून टाकण्याचा नव्हता. आणि कंपनीच नेहमी जिंकते, हेही खरे नव्हे. भूजलात आढळलेल्या एमटीबीई या पेट्रोलमधील द्रव्यावर कॅलिफोर्नियाने बंदी घातली, तेव्हा कॅनडाच्या मेथानेक्स कंपनीने मागितलेले सुमारे ९७ कोटी डॉलर २००५ साली फेटाळले गेले आणि दाव्याचा खर्चही तिच्याच माथी आला. परंतु एवढ्या मागणीस तोंड देण्याची ऐपत कॅलिफोर्नियामागे उभ्या असलेल्या अमेरिकेस होती. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरसारख्या लहान राष्ट्राला मात्र अशाच लवादांपुढे सोन्याच्या खाणीचा परवाना नाकारल्याबद्दल २००९ पासून २०१६ पर्यंत दावा लढवावा लागला. तो त्याने जिंकला हे खरे. तथापि दाव्याच्या नुसत्या धास्तीनेही कायदा करणारा हात आखडतो, हा आक्षेप या विजयाने निकालात निघत नाही.

नाफ्टास जोडलेल्या पर्यावरणविषयक पुरवणी कराराने सर्व शंकांचे निरसन झाले होते, असे समर्थक सांगत. पण सामान्य नागरिकाने त्याखाली केलेल्या तक्रारीचा शेवट फार तर वस्तुस्थितीचा अहवाल प्रसिद्ध होण्यात होई, दंड वा भरपाई नाही. गुंतवणूकदारास लवाद आणि नागरिकास अहवाल, ही विषमता विरोधकांच्या साऱ्या युक्तिवादाचा गाभा होती, आणि याच ठेवणीचा मध्य अमेरिकेचा करार अमेरिकी प्रतिनिधिगृहात २००५ साली २१७ विरुद्ध २१५ अशा निसटत्या मतांनी संमत झाला.

१ जुलै २०२० रोजी नाफ्टाच्या जागी नवा करार आला आणि अमेरिका व कॅनडा यांनी परस्परांपुरती ही लवादाची सोय, तीन वर्षांची मुदत ठेवून, मोडीत काढली. अमेरिका व मेक्सिको यांच्यात ती संकुचित झाली. मात्र केंद्र सरकारशी करारनामे असलेल्या तेल व वायू कंपन्यांसाठी ती जवळपास जशीच्या तशी शाबूत राहिली.