तबकडीची एक बाजू, वीस मिनिटं तुमची

मैत्रिणींनो, "रविवार म्हणजे सुट्टी" असं कुणी म्हणालं की तुम्हीही गालातल्या गालात हसत असाल. सुट्टी असते ती घरातल्या इतरांची! त्या दिवशी सगळ्यांच्या अंघोळी उशिरा, जेवणात काहीतरी खास हवं, दुपारी कुणीतरी डोकावणार आणि संध्याकाळ झाली की सोमवारच्या डब्याची काळजी. आठवड्यातला सगळ्यांत थकवणारा वार कोणता, असं गृहिणीला विचारून पाहा. नोकरी करणारी असेल तर ती रविवारचं नाव जरा जास्तच ठासून घेईल.

मग विसावा घ्यायचा तरी कसा? टीव्हीसमोर बसलो तरी मांडीवर निवडायची मेथी असतेच. मोबाइलवर गाणी लावावीत, तर ती आपली चालू राहतात आणि आपण पोळ्या लाटत राहतो. कुठलं गाणं कधी संपलं, पत्ताही लागत नाही. म्हणून आज एक जुनीच वस्तू तुम्हाला सुचवणार आहे. कदाचित ती तुमच्याच माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून पडलेली असेल. रेकॉर्ड, म्हणजेच तबकडी.

तबकडीचा मोठा गुण असा, की ती तुम्हाला बसवते. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटं वाजते. ती संपली की सुई नुसतीच आतल्या चरीत फिरत राहते आणि उठून ती उचलावी लागते. त्यामुळे "लावून ठेवली आणि कामाला लागले" हे जमत नाही. वीस मिनिटं म्हणजे फार नव्हे, कुणाच्या डोळ्यांवर येण्याइतकी तर नाहीतच. पण दुपारची झाकपाक झाल्यावर, पाय वर घेऊन, हातात काहीही न घेता वीस मिनिटं बसून पाहा बरं! पहिल्या दिवशी अपराध्यासारखंच वाटतं.

पूर्वी तर एवढाही वेळ मिळत नसे. १९४८ साली अमेरिकेत एलपी आली, तोवर मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. मोठमोठ्या गवयांनी आपले राग त्या तीन मिनिटांत बसवले, ही काही साधी गोष्ट नव्हे. आणि ही तबकडी कशाची असे, ठाऊक आहे? लाखेची! आपल्या बांगड्यांची जी लाख, पळस-बोरीच्या झाडांवर किडे तयार करतात तीच. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी घालून तबकडी दाबत. म्हणून ती हातातून पडली की बांगडीसारखीच फुटते. आपली एलपी मात्र व्हिनाइलची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची. ती सहसा फुटत नाही, पण उन्हानं वाकते.

या तबकड्यांचा आणि बायकांचा संबंध मात्र बांगड्यांपुरता नाही. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग हे ध्वनिमुद्रक कलकत्त्यात आले, तेव्हा त्यांच्यासमोर गायला बसल्या त्या गौहरजान. ध्वनिमुद्रण इथं व्हायचं आणि तबकड्या निघायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा हे कळावं, म्हणून गाणं संपल्यावर गायिका आपलं नाव मोठ्यानं सांगत असे. त्या काळी 'घरंदाज' म्हणवणाऱ्या बाईनं चारचौघांत गायचं नाही आणि मैफलीला जाऊन बसायचंही नाही, असा दंडक होता. दिवाणखान्यात फोनो वाजू लागला आणि माजघरातल्या बाईच्या कानी प्रथमच दुसऱ्या बाईचं तयारीचं गाणं आलं, तेही दाराआडून. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली करायची वाट पाडली. पण ज्यांना थिएटरात जायची परवानगी नव्हती, त्यांच्यापर्यंत हिराबाई तबकडीतूनच पोचल्या.

आणि केसरबाई केरकर! गोव्यातल्या केरी गावच्या. १९७७ साली अमेरिकेनं दोन 'व्हॉयेजर' यानं अवकाशात पाठवली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी ठेवली होती, पृथ्वीवरचे निवडक आवाज भरलेली. त्यांत भारतातलं गाणं एकच, केसरबाईंची भैरवी. साडेतीन मिनिटांची. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ती भैरवी आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली आहे, आणि आपण मात्र माळा आवरताना तबकड्यांचा गठ्ठा किलोच्या भावानं भंगारात देतो! देण्याआधी मधल्या कागदावरची नावं तरी वाचा. जुन्या तबकड्यांतलं पुष्कळसं गाणं पुन्हा कशावरच आलेलं नाही. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था संग्राहकांनी स्थापन केली, ती काही उगाच नव्हे.

आता घरकामाच्या भाषेत सांगायचं तर निगा. तबकडी कडेनं आणि मधल्या कागदाला धरायची. चरींवर बोट लावायचं नाही, कारण बोटांचं तेल तिथं धूळ धरून ठेवतं. आडव्या थप्पीत ठेवू नका, ताटाळ्यातल्या ताटांसारख्या उभ्या ठेवा. ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब, खिडकीतल्या उन्हापासून त्याहून लांब. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी येते, म्हणून श्रावणात एखाद्या कोरड्या दुपारी सगळी कव्हरं उघडून वारा द्यावा. पुसायला मऊ, स्वच्छ सुती फडकं घ्यायचं आणि चरींच्या दिशेनं गोल पुसायचं. एलपी फारच मळली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखादा थेंब चालतो, पण मधला कागद भिजता कामा नये. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट अजिबात लावू नका. लाख त्यात विरघळते आणि गाणंही तिच्याबरोबर जातं.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे सुई. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची चर रुंद असते, एलपीची बारीक. दोघींची सुई वेगळी. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावायची नाही, त्याची पोलादी सुई ती एका खेपेत खरवडून टाकते. त्या ग्रामोफोनला दर बाजूला नवी सुई लागते, हेही लक्षात असू द्या. घरातला जुना प्लेअर बंद पडला असेल तर लगेच टाकून देऊ नका. बऱ्याचदा आतला रबरी पट्टा तरी सैल झालेला असतो, नाहीतर सुई झिजलेली असते, आणि दोन्ही बदलता येतात. नवे प्लेअरही पुन्हा मिळू लागले आहेत. अगदी हलक्या दर्जाचा मात्र घेऊ नका, तो तबकडीवर फार भार टाकतो. तबकड्या हव्या असतील तर मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार आहेच. उजेडात तिरपी धरून ओरखडे पाहिल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत, भाजी घेताना जशा पाहता तसंच.

एक गोष्ट थोडी स्पष्ट बोलते. पुष्कळ घरांत फोनोवर क्रोशाचं कव्हर घालायचं काम बायकांचं आणि सुई ठेवायचं काम पुरुषांचं, अशी वाटणी होती. "तू हात लावू नकोस, ओरखडा पडेल," हे वाक्य कितीजणींनी ऐकलं असेल! अहो, जिच्या हातून दुधाची साय न फाटता निघते, तिला सुई टेकवणं काय अवघड? मनगट फोनोच्या कडेला टेकवायचं, दांडी पहिल्या चरीवर आणायची आणि श्वास सोडत खाली ठेवायची. हे स्वतः करा. गाणं निवडायचंही स्वतः. सासूबाई घरात असतील तर त्यांना विचारा, त्यांच्या माहेरी कुठली रेकॉर्ड होती. त्या एका प्रश्नावर दुपार निघून जाते.

आणि मधेच कुणी "चहा केव्हा?" म्हणून विचारलं, तर घड्याळ पाहायला नको. सुई मधल्या कागदापासून किती बोटं लांब आहे, ते पाहायचं. दोन बोटं उरली असतील, तर चहाला अजून आठ-दहा मिनिटं आहेत.