गाणं यजमानाचं, गिटार पाहुण्याची

पाहुणा दारात आला, की घरातली भांडणं काही मिटत नाहीत, पण आवाज मात्र खाली येतो. चहा बऱ्या कपबशीत येतो आणि सकाळपासून एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं गोड बोलू लागतात. सप्टेंबर १९६८ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत नेमकं हेच घडलं. घर होतं बीटल्सचं आणि पाहुणा होता एरिक क्लॅप्टन, त्या काळातला इंग्लंडमधला सर्वांत गाजलेला गिटारवादक.

बीटल्सच्या चौघांत त्या वर्षी धुसफूस सुरू झाली होती. गाणी लिहायची ती जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनीनं, आणि जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला रेकॉर्डमधल्या एक-दोन जागा, हा जणू घरचा रिवाजच! हॅरिसननं ‘व्हाइल माय गिटार जेन्टली वीप्स’ हे आपलं गाणं पुढे ठेवलं, पण बाकीचे मन लावून वाजवेनात. गिटारमधून रडवेला आवाज काढण्यासाठी टेप उलटी फिरवण्याचा खटाटोपही त्यानं करून पाहिला. तोही फसला. अखेर ६ सप्टेंबरला लंडनच्या वाटेवर गाडीत शेजारी बसलेल्या क्लॅप्टनला त्यानं सरळ गळ घातली, माझ्या गाण्यात तू वाजव. क्लॅप्टन कचरला. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरचा गिटारवाला कधी वाजवत नाही, बाकीच्यांना रुचायचं नाही, असं त्याचं म्हणणं. हॅरिसनचं उत्तर एवढंच होतं, की गाणं माझं आहे.

क्लॅप्टन स्टुडिओत शिरला आणि नूर पालटला. पॉल पियानोवर सावरून बसला, सगळेच नीट वागू लागले. पुढे अनेक वर्षं हॅरिसन हा किस्सा मिश्किलपणे सांगायचा. क्लॅप्टननं हाती घेतली ती लाल रंगाची लेस पॉल गिटारही त्यानंच काही दिवसांपूर्वी हॅरिसनला भेट दिलेली होती. वाजवून झाल्यावर तो म्हणाला, हे फार माझ्यासारखं वाजतंय, बीटल्ससारखं वाटत नाही! मग निर्माता जॉर्ज मार्टिनचा तरुण मदतनीस ख्रिस थॉमस यंत्राचं बटण हळूहळू मागेपुढे फिरवत बसला आणि तो आवाज थरथरता, किंचित डळमळता करण्यात आला. आज ऐकणारे ज्याला गिटारचं रडणं म्हणतात, त्यात क्लॅप्टनच्या बोटांइतकाच त्या बटणाचाही वाटा आहे.

आपली छाप पुसून टाका, असं सांगणारा पाहुणा विरळाच. त्याची छाप पुसली गेली नाही ती नाहीच, पण नाव मात्र पुसलं गेलं. नोव्हेंबर १९६८ मध्ये बाजारात आलेल्या त्या पांढऱ्या वेष्टनाच्या दुहेरी रेकॉर्डवर क्लॅप्टनचं नाव कुठेच नव्हतं. कलाकार वेगवेगळ्या कंपन्यांशी करारानं बांधलेले असत, त्यामुळे अशी उसनवारी बहुधा गुपचूपच चाले. हॅरिसननं परतफेड केली तीही अशीच. क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ या गटाच्या ‘बॅज’ (१९६९) या गाण्यात तो वाजवून गेला आणि रेकॉर्डवर नाव छापलं गेलं ‘लाँजेलो मिस्तेरिओसो’, म्हणजे गूढ देवदूत!

देण्याघेण्याचा असा हिशेब एडी व्हॅन हेलननं मात्र ठेवलाच नाही. १९८२ साली त्याला फोन आला, तेव्हा कोणीतरी थट्टा करतंय असं समजून त्यानं पलीकडच्या माणसाला शिव्या हासडल्या. पलीकडे होते मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चे निर्माते क्विन्सी जोन्स. ‘बीट इट’ या गाण्याला रॉकचा तडका हवा होता. एडी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत गेला. ज्या स्वरसाथीवर आपल्याला वाजवायचं आहे तिची मांडणीच त्याला पटेना, म्हणून तंत्रज्ञाला सांगून त्यानं गाण्याचा तेवढा भाग परस्पर बदलून घेतला आणि मग मनात येईल तसे दोन सोलो वाजवून टाकले. यजमानाला न विचारता त्याच्या स्वयंपाकघरातले डबे हलवण्याचाच हा प्रकार. जॅक्सन आला, त्यानं ऐकलं आणि गाणं सुधारावं इतकी आस्था दाखवल्याबद्दल उलट आभार मानले.

एडीनं एक पैसाही घेतला नाही. आपण इथे वाजवलंय हे कोणाला कळणारही नाही, अशी त्याची समजूत होती. घडलं भलतंच. ‘थ्रिलर’ अमेरिकेत ३७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, जगभरात आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. १९८४ मध्ये व्हॅन हेलन गटाचा स्वतःचा अल्बम आला आणि दुसऱ्या क्रमांकावर अडला. पहिल्या क्रमांकावर होता ‘थ्रिलर’च! एडीचं निधन ६ ऑक्टोबर २०२० रोजी झालं. त्या अर्ध्या मिनिटाच्या सोलोनं त्याची गिटार अशा घरांत पोचवली होती, जिथे त्याच्या गटाचं नावही कोणी ऐकलेलं नव्हतं.

या किस्स्याचा उरलेला अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. ‘बीट इट’मधली बाकीची गिटार, ती ठसठशीत सुरावट, स्टीव्ह लुकाथरनं वाजवली आहे. तो स्टुडिओतला पक्का व्यावसायिक. त्यानंच पुढे सांगितलं, की कापून सांधलेल्या टेपमुळे दोन यंत्रं एकमेकांशी जुळेनात. तेव्हा जॅक्सनचा आवाज आणि एडीचा सोलो एवढंच हाताशी धरून त्यानं आणि ड्रमवादक जेफ पोर्कारोनं खालचं सगळं नव्यानं वाजवलं. त्यातही गिटारचा दणका फार झाला, जरा कमी कर, असा क्विन्सी जोन्स यांचा निरोप आला. त्यानं तो कमी केला. पाहुण्यानं पंगत गाजवली आणि मागची आवराआवर कामावरच्या माणसानं केली. पाहुणा वादक आणि सेशन वादक यांच्यातला फरक याहून सोपा करून सांगता यायचा नाही.

स्टीव्ही रे वॉनला या दोन्ही भूमिका एकाच वेळी वाट्याला आल्या. टेक्सासच्या या तरुणाला १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो महोत्सवात काही श्रोत्यांनी हुर्यो करून हिणवलं. श्रोत्यांत डेव्हिड बोवी होता. त्यानं वॉनला न्यूयॉर्कला बोलावून ‘लेट्स डान्स’मध्ये वाजवायला लावलं. १९८३ मध्ये गाणं तुफान चाललं. पण व्हिडिओत पाहावं, तर हातात मोजे घालून गिटार वाजवण्याचा अभिनय करतोय खुद्द बोवी! वॉनला ते झोंबलं. बोवीच्या जगदौऱ्यात तो वाजवणार होता, पण मानधनावरून आणि अटींवरून बिनसलं आणि दौरा सुरू होण्याच्या तोंडावर तो बाहेर पडला. त्याच वर्षी त्याचा स्वतःचा ‘टेक्सास फ्लड’ आला. तेव्हा तो हरला, असं म्हणवत नाही.

सगळ्यांनाच असं बाहेर पडणं परवडत नसे. साठीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंतून ‘रेकिंग क्रू’ म्हणून पुढे ओळखली गेलेली वादकमंडळी तीन तासांच्या पाळीवर काम करत. सकाळी जाहिरात, दुपारी सिनेमा, संध्याकाळी कोणाचा तरी अल्बम. नोटेशन समोर ठेवायचं, वाजवायचं, पैसे घ्यायचे, निघायचं. १९६५ मध्ये बर्ड्‌स या गटाच्या ‘मिस्टर टँबोरिन मॅन’ची रेकॉर्ड गाजली, तिच्यात गटापैकी वाजवलं होतं ते एकट्या रॉजर मॅग्विननं, बाकी सारं या भाडोत्री हातांनी. फ्रँक सिनात्राच्या ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’मध्ये गिटार धरणारा ग्लेन कॅम्बेल पुढे स्वतःच नामवंत गायक झाला. ‘बोनान्झा’ मालिकेच्या संगीतात गिटार वाजवणारा टॉमी टेडेस्को मात्र जन्मभर पडद्यामागेच राहिला. त्याच्या मुलानं या वादकांवर माहितीपट काढला. तो २००८ मध्ये तयार झाला, पण चित्रपटगृहांत यायला २०१५ उजाडलं. कारण? बापानं वाजवलेल्या गाण्यांचे तुकडे वापरायचे, तर हक्काचे पैसे मुलानं कंपन्यांना मोजायला हवे होते!

क्लॅप्टनचं नाव गाळणाऱ्या बीटल्सच्या वहीत मुंबईचंही एक पान आहे. त्या घटनेआधी आठ महिने, जानेवारी १९६८ मध्ये, हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत होता. तिथे इथल्या वादकांकडून वाजवून घेतलेल्या सरोद, बासरी, हार्मोनियमवर त्याचं ‘द इनर लाइट’ उभं राहिलं. मार्चमध्ये ते बीटल्सच्या रेकॉर्डची दुसरी बाजू म्हणून जगभर विकलं गेलं. लेबलवर मुंबईकरांची नावं नव्हती.

अर्थात, मुंबईकरांना याची सवयच होती. हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक, गीतकार आणि संगीतकार एवढ्यांनाच मान. ‘दम मारो दम’ (१९७१) सुरू होताना जी गिटार अंगावर येते, किंवा ‘चुरा लिया’मध्ये (१९७३) जी कानाशी गुणगुणते, ती भूपिंदर सिंग यांची. ‘चिंगारी कोई भडके’मधली (१९७२) संथ तार छेडणारेही तेच. राहुलदेव बर्मन यांचं ऑर्केस्ट्रेशन जाणकारांच्या चर्चेचा विषय होतं, पण घरोघरी रेडिओ ऐकणाऱ्यांना भूपिंदर ठाऊक झाले ते गायक म्हणून. व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट वाजवणाऱ्या कितीतरी गोवेकरांना तर तेवढीही ओळख लाभली नाही.

हा निव्वळ मानापमानाचा मामला नाही. २०१२ मध्ये भारताच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलाकारांना आपल्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरातून रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण ‘परफॉर्मर’ कोणाला म्हणायचं, याच्या व्याख्येला एक शेपूट जोडलं गेलं. चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि उद्योगाच्या प्रथेप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा अन्य कुठेही येत नाही, तो परफॉर्मर धरला जाणार नाही. आपल्या सादरीकरणाची मोडतोड झाली तर आक्षेप घेण्याचा हक्क तेवढा त्याच्याकडे राहतो. म्हणजे आधी प्रथेनं नाव वगळायचं आणि मग नाव नाही म्हणून हक्कही नाही! गाणं ओळखू येतं ते ज्या दोन-चार सुरांमुळे, त्यांना ‘प्रासंगिक’ म्हणायचं का, हा प्रश्न वकिलांइतकाच श्रोत्यांनाही विचारायला हरकत नाही.

भूपिंदर सिंग १८ जुलै २०२२ रोजी मुंबईत गेले. ‘किनारा’मधल्या (१९७७) ‘एक ही ख्वाब’मध्ये आवाजही त्यांचाच आहे आणि गिटारही. श्रेय मिळालं ते गायक भूपिंदर यांना.